उडती मोटार अडते ती कानापाशी

२८ जून २०२१. स्लोव्हाकियातील नित्रा शहराच्या विमानतळावरून एक मोटार आकाशात झेपावली आणि ३५ मिनिटांनी ब्रातिस्लाव्हाच्या विमानतळावर उतरली. धावपट्टीवरून बाजूला येताच तिने पंख मिटून पोटात घेतले, शेपूट आखडली आणि तीन मिनिटांच्या आत ती साधी चारचाकी झाली. तिचे निर्माते स्टेफान क्लाइन ती तशीच चालवत शहरात घेऊन गेले. इंजिन बीएमडब्ल्यूचे, इंधन नेहमीच्या पंपावरचे. पुढच्याच जानेवारीत स्लोव्हाकियाच्या वाहतूक प्राधिकरणाने या ‘एअरकार’ला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रही दिले.

ही बातमी जगभर गाजली. वाहतूक कोंडीत तासभर अडकलेल्या कोणाच्याही मनात कधी ना कधी येऊन जाणारा विचार खरा झाल्यासारखा वाटला. त्यानंतर काही वर्षे उलटली, पण कोणत्याही सोसायटीच्या वाहनतळात उडती मोटार उभी राहिलेली नाही. सर्वसाधारण समज असा, की तंत्रज्ञान अजून पुरेसे पुढे गेलेले नाही. इतिहास मात्र वेगळे सांगतो. उडणारी आणि रस्त्यावर चालणारी मोटार सत्तर वर्षांपूर्वीच तयार होती. तिची मोठी अडचण पंखांत किंवा इंजिनात नव्हती. ती चालकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या शरीरात होती आणि आजही आहे.

कागदावर सगळे सोपे

राइट बंधूंनी डिसेंबर १९०३ मध्ये पहिले उड्डाण केले. १९०४ मध्ये ज्यूल व्हर्न यांची ‘मास्टर ऑफ द वर्ल्ड’ या नावाने इंग्रजीत ओळखली जाणारी कादंबरी आली. तिच्यातले ‘टेरर’ हे वाहन रस्त्यावर मोटार, पाण्यावर बोट, पाण्याखाली पाणबुडी आणि हवेत विमान होते. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी १९०५ मध्ये ‘विथ द नाइट मेल’ या कथेत इसवी सन २००० चे आकाश रंगवले. त्यात हवाई वाहतुकीची एवढी गर्दी आहे, की ती सांभाळायला एक जागतिक नियंत्रण मंडळ नेमावे लागले आहे. हवेतही चौकातल्या पोलिसासारखी व्यवस्था लागणार, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे पडद्यावर हे स्वप्न घराघरांत पोचले. सप्टेंबर १९६२ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झालेली ‘द जेट्सन्स’ ही व्यंगचित्र मालिका २०६२ सालातल्या कुटुंबाची. त्यात वडील मुलांना शाळेत सोडून उडत्या मोटारीने कामावर जातात आणि तिथे पोचल्यावर मोटारीची घडी होऊन तिची ब्रीफकेस बनते. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये २०१९ सालच्या लॉस एंजेलिसवर ‘स्पिनर’ नावाच्या मोटारी घिरट्या घालतात. १९८९ च्या ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागात ऑक्टोबर २०१५ चे आकाश वाहनांनी भरलेले आहे. यातल्या दोन तारखा कधीच मागे पडल्या.

या कथांत चालकाला धुके लागत नाही, भोवळ येत नाही. तो सर्दीची गोळी घेऊन निघालेला नसतो. खाली राहणाऱ्यांची झोप उडाली का, हेही कोणी दाखवत नाही. खऱ्या जगात उडती मोटार नेमकी याच गोष्टींवर अडली.

यंत्र केव्हाच उडाले

हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये एक छोटे, एका माणसाचे विमान लोकांसमोर आणले. मोटारीसारखेच विमानही सामान्य माणसाच्या दारात यावे, ही त्यामागची कल्पना. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्याचा वैमानिक हॅरी ब्रूक्स फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून मरण पावला आणि फोर्ड यांनी तो प्रकल्प थांबवला. तरीही मोटार आणि विमान यांचा संगम एक दिवस होणारच, असे भाकीत त्यांनी १९४० मध्ये केले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रशिक्षित वैमानिक भरपूर होते आणि उत्साहही होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कॉनव्हेअरकार’ उडाली. मोटारीच्या छपरावर पंख आणि इंजिन बसवलेले हे वाहन चाचणीतच इंधन संपून खाली आले. वैमानिक वाचला. विमानाच्या टाकीऐवजी त्याने मोटारीच्या टाकीचा काटा पाहिला, अशी हकिकत सांगितली जाते. १९५० मध्ये रॉबर्ट फुल्टन यांच्या ‘एअरफिबियन’ला अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेची मान्यता मिळाली. मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिलाही प्रमाणपत्र मिळाले. पंख दुमडून मागे गाडीसारखे ओढत न्यायचे, अशी तिची रचना होती. पोर्टलंड शहरातल्या एका रेडिओ केंद्राने रस्त्यावरच्या वाहतुकीची खबर आकाशातून देण्यासाठी एक एरोकार वापरली. कोंडीतून सुटण्यासाठी जन्मलेले वाहन कोंडी मोजण्याच्या कामी आले. टेलर यांच्या हातून एकूण जेमतेम सहा गाड्या बनल्या.

१९७३ मध्ये हेन्री स्मोलिन्स्की यांनी फोर्ड पिंटो मोटारीला सेस्ना विमानाचा मागचा भाग जोडला आणि ‘मायझर’ तयार केली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील कॅमारिलोजवळ तिच्या उजव्या पंखाचा आधार निखळला. स्मोलिन्स्की आणि त्यांचे सहकारी हॅरोल्ड ब्लेक दोघेही जागीच गेले.

दोन स्वभावांचे लग्न

मोटार आणि विमान यांचे गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मोटार टक्कर सोसण्याइतकी भक्कम आणि म्हणून जड असावी लागते. विमान शक्य तितके हलके हवे. मोटारीला अरुंद रस्ता पुरला पाहिजे, विमानाला लांब पंख हवेत. दोन्ही एकत्र आणले, की रस्त्यावर साधारण मोटार आणि हवेत साधारण विमान मिळते, तेही दोन्हींच्या एकत्रित किमतीपेक्षा महाग.

धावपट्टी नको म्हणून पंखांऐवजी फिरती पाती लावली, तर ऊर्जेचा प्रश्न येतो. एक टन वजनाचे वाहन एकूण १० चौरस मीटर घेराच्या पात्यांवर एका जागी तरंगते ठेवायला आदर्श गणितानेही सुमारे २०० किलोवॉट शक्ती सतत लागते. तेवढ्याच वजनाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने १०-१५ किलोवॉटमध्ये धावते. शिवाय एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ हजार वॉट-तास ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम-आयन बॅटरीच्या एका किलोत सुमारे २५०. पेट्रोल इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवते हे धरले, तरी तफावत दहापटींहून जास्त उरते. म्हणूनच विजेवर उडणाऱ्या वाहनांची झेप थोड्या अंतराची असते.

आणखी एक फरक आहे. मोटार बंद पडली, की रस्त्याकडेला उभी राहते. हवेतले वाहन बंद पडले, तर ३० मीटरवरून, म्हणजे साधारण दहा मजल्यांच्या उंचीवरून, जमिनीवर आदळेपर्यंत त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. २०१५ मध्ये क्लाइन यांचे आधीचे एक वाहन चाचणीत कोसळले, तेव्हा संपूर्ण वाहनाला जोडलेल्या पॅराशूटने त्यांना वाचवले. पण पॅराशूट उघडायला पुरेशी उंची लागते. इमारतींमधून वाट काढणाऱ्या वाहनाकडे ती नसते.

फुगडी आणि १७८ सेकंद

तरीही अभियंते या अडचणींवर तोडगे काढत आले आहेत. मानवी शरीराची रचना मात्र त्यांच्या हाती नाही.

प्रत्येक कानाच्या आत, हाडात दडलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या तीन वेगवेगळ्या दिशांत बसवलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले, की नलिकेच्या भिंती लगेच हलतात, पण द्रव क्षणभर मागे राहतो. त्यामुळे आतल्या केसासारख्या संवेदक पेशी वाकतात आणि मेंदूला ‘वळलो’ असा संदेश जातो. वळण एकाच गतीने चालू राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो. पेशी सरळ होतात आणि मेंदूला वाटते, वळणे थांबले. प्रत्यक्षात ते चालूच असते.

फुगडी खेळलेल्या प्रत्येकीला याचा दुसरा भाग माहीत आहे. फुगडी थांबते, पण अंगण फिरतच राहते, कारण कानातला द्रव अजून थांबलेला नसतो. जमिनीवर डोळे आणि पाय ही चूक लगेच सुधारतात. ढगात, धुक्यात किंवा काळोख्या समुद्रावर डोळ्यांना क्षितिजच दिसत नाही. कानातले चुन्याचे बारीक स्फटिक गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात खरे, पण वेग वाढणे आणि कलणे यांतला फरक त्यांना नीट कळत नाही.

अशा वेळी विमान हळूच एका बाजूला कलते. वैमानिकाला ते जाणवत नाही. कललेले विमान वळू लागते, नाक खाली जाते, वेग वाढतो. उंची कमी होतेय हे पाहून तो दांडा मागे ओढतो, पण विमान कललेले असल्याने वळण आणखी आवळत जाते. या गिरकीतून थोडेच वाचतात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये याचा प्रयोग झाला. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना विमानात बसवून बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली. सोबत अर्थातच प्रशिक्षक होते. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. उपकरणे पाहून मागे फिरण्याची ठरावीक पद्धत शिकवल्यावर मात्र बहुतेक सर्वांना ते जमले. शरीर खोटे सांगत असताना काट्यावर विश्वास ठेवायला माणूस शिकू शकतो, पण ते मुद्दाम शिकावे लागते आणि सरावात ठेवावे लागते.

अनुभव असला तरी धोका संपत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या कॅलाबाससमध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर ढगांत शिरून टेकडीवर आदळले आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाकडे आठ हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव होता. अखेरच्या क्षणांत त्याने नियंत्रण कक्षाला आपण वर जात असल्याचे सांगितले. हेलिकॉप्टर त्या वेळी वळत वेगाने खाली येत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दिशाभ्रम हे अपघाताच्या कारणांत नोंदवले. १९९९ मध्ये जॉन एफ. केनेडी यांच्या मुलाचे विमान रात्री समुद्रात कोसळले, तेव्हाही याच मंडळाचा निष्कर्ष हाच होता.

सर्दीची एक गोळी

सर्दी झालेला माणूस मोटार चालवून कामावर जातो, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हवेत मात्र सर्दीही महागात पडते. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी सर्दीने बंद असेल, तर खाली उतरताना कानाच्या आतला आणि बाहेरचा दाब जुळत नाही. कान प्रचंड दुखतो, कधी पडदा फाटतो, कधी एकाएकी चक्कर येते. नेमके तेव्हाच वैमानिकाला सर्वाधिक लक्ष द्यायचे असते.

सर्दीवरचे औषध घेतले, तर दुसरा धोका येतो. १९९० ते २०१२ या काळात अमेरिकेत अपघातात मरण पावलेल्या वैमानिकांच्या रक्त-ऊतक तपासण्यांचा आढावा वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कामगिरी मंदावू शकणाऱ्या औषधांत सर्वाधिक वेळा सापडले ते डायफेनहायड्रामाइन. खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या औषधांत असणारा, गुंगी आणणारा हा घटक आहे. म्हणजे मद्य किंवा अमली पदार्थ टाळणारा माणूसही घरातल्या कपाटातल्या बाटलीमुळे धोक्यात येऊ शकतो. गुंगीच्या या औषधानंतर दुचाकी-चारचाकी चालवू नये, हा सल्ला जमिनीवरही तितकाच खरा आहे.

म्हणूनच वैमानिकाला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि अमेरिकेत खासगी परवान्यासाठीही किमान ४० तास उड्डाण करावे लागते. हे सगळे पार पाडून रोज कामावर जाणारी माणसे किती असतील? २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. तिथे फक्त पुढे-मागे आणि डावे-उजवे पाहायचे असते. त्यात वर-खाली आणखी मिळवले, तर काय होईल, याचा विचार अपघात विभागाच्या दारातून अधिक स्पष्ट दिसतो.

खाली झोपलेल्यांचे कान

वर उडणाऱ्याच्या कानाइतकाच खाली राहणाऱ्याचा कानही महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशीनुसार रात्री रस्त्यावरील वाहतुकीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. विमानांचा मात्र ४० च्या आत. विमानांसाठी मर्यादा अधिक कडक आहे, कारण आवाज तेवढाच असला तरी वरून येणारा आवाज लोकांना जास्त त्रास देतो आणि झोप जास्त मोडतो. सततच्या गोंगाटाचा संबंध रक्तदाब, हृदयविकार आणि मुलांच्या वाचनक्षमतेशी आढळला आहे. रस्त्याचा आवाज निदान रस्त्याकडेला तरी राहतो. उडत्या मोटारींचा आवाज सगळ्यांच्या छपरांवरून जाईल, आणि त्यातून प्रवास करणारे मात्र मोजकेच असतील.

चालकच नको

माणूस एवढा अविश्वसनीय, तर त्याला खुर्चीतून उठवावे, असा मार्ग उद्योगाने काढला आहे. चीनच्या ‘ईहँग’ कंपनीच्या दोन आसनी, सोळा पात्यांच्या वाहनाला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात वैमानिक नसतोच. व्हर्न यांच्या नायकाच्या हाती सुकाणू होते. आपल्या गोष्टींतल्या पुष्पक विमानाला फक्त मालकाची इच्छा पुरत असे. आजचे तंत्रज्ञान पुष्पकाच्या वाटेने निघाले आहे. कानाचा प्रश्न त्याने सुटतो, पण स्वप्नातला ‘मनाला येईल तिकडे मोटार वळवू’ हा भागही सुटून जातो. उरते ती ठरलेल्या थांब्यांमधली हवाई टॅक्सी.

तिचाही धंदा सोपा नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याचे स्वप्न पाहणाऱ्या जर्मनीच्या ‘व्होलोकॉप्टर’ने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच देशातली ‘लिलियम’ ही कंपनी त्याआधी दोनच महिने त्याच वाटेने गेली होती.

आकाश कोणासाठी?

मग हे सगळे व्यर्थ गेले का? तसे नाही. जर्मनीतील ‘एडीएसी’ या संस्थेच्या हवाई रुग्णसेवेने याच प्रकारच्या बहुपाती वाहनांचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. रुग्णाला उचलून नेण्यासाठी नव्हे, तर तातडीच्या डॉक्टरला रुग्णापर्यंत लवकर पोचवण्यासाठी ही वाहने उपयोगी ठरू शकतात, असे त्यांना आढळले. डॉक्टर हवेतून येतो, उपचार जागेवरच सुरू होतात आणि रुग्ण रुग्णवाहिकेनेच जातो. इथे मिनिटे वाचतात ती जिवासाठी, आणि वाहन हाती असते ते प्रशिक्षित माणसाच्या.

माणूस न बसवता उडणाऱ्या यंत्रांनी तर काम सुरूही केले आहे. रवांडामध्ये २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने रुग्णालयांत पोचतात. पालघर जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला करोना लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पाठवल्या गेल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटांची ती वाट दहा मिनिटांच्या आत पार झाली. घाटात अडकलेल्या जीपची वाट पाहणाऱ्या आरोग्य केंद्रासाठी ही अर्धी तासाची बचत मोलाची असते. सर्पदंशाची लस किंवा रक्त हवे असेल, तर त्याहून जास्त.

उडत्या मोटारीची पुढची बातमी येईलच. तेव्हा चित्रफीत पाहून हरखून जाण्याआधी चार प्रश्न विचारून पाहावेत. धुक्यात आणि पावसात ती कोण चालवणार? दहा मजल्यांच्या उंचीवर बंद पडली, तर काय? खाली झोपलेल्यांना किती आवाज ऐकू येणार? आणि वाचलेली मिनिटे कोणाच्या उपयोगी पडणार? या चारही प्रश्नांना सरळ उत्तरे देणारी यंत्रे आज मोटारीसारखी दिसत नाहीत. त्यांत माणसाच्या जागी रक्ताची पिशवी किंवा लशीची पेटी असते, आणि ती वेळेत पोचते.